यकृताचा आजार आणि कंबरदुखी : गोळी घेण्यापूर्वी हे वाचा

कंबरदुखी हा घरोघरचा आजार आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात आठ तास उभा राहणारा कामगार असो, कापूस वेचताना दिवसभर वाकलेली शेतमजूर बाई असो, हिमरूच्या मागावर बसणारा कारागीर असो, की खड्ड्यांतून रोज मोटारसायकल हाकणारा फिरता विक्रेता असो, कंबर कधी ना कधी धरतेच. आणि बहुतेकांचा उपायही ठरलेला असतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचे, 'कंबर धरली आहे, एखादी जोरदार गोळी द्या' म्हणायचे आणि मिळेल ती गोळी चहाबरोबर घ्यायची.

निरोगी माणसाचे एखाद वेळी यात निभावून जाते. परंतु ज्याचे यकृत आजारी आहे त्याला हीच गोळी फार महाग पडू शकते. म्हणून आज यकृताच्या रुग्णाने कंबरदुखीत काय घ्यावे, काय टाळावे आणि गोळीवाचून काय करता येते, याचा विचार करू.

यकृत आणि औषधे

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला बरगड्यांखाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. पोटात गेलेले अन्न आणि औषध आतड्यातून शोषले गेले की आधी यकृतात जाते. तेथे औषधाची मोडतोड होते व त्याचा निरुपयोगी भाग लघवी किंवा पित्तावाटे बाहेर टाकला जातो. यकृत थकलेले असेल तर ही मोडतोड मंदावते, औषध रक्तात अधिक काळ राहते आणि नेहमीचा डोसही जास्त होतो.

रक्त गोठण्यास लागणारी प्रथिनेही यकृतच बनवते. त्यामुळे यकृताच्या जुन्या रुग्णाला रक्तस्रावाचा धोका मुळातच अधिक असतो.

सर्वांना एकच नियम नाही

'मला लिव्हरचा त्रास आहे' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. सोनोग्राफीत नुसती चरबी दिसली, रक्ताच्या तपासण्या चांगल्या आहेत आणि यकृत आतून कडक झालेले नाही, अशा रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने चार-दोन दिवस साधी वेदनाशामक गोळी सहसा घेता येते. त्याने घाबरून जाऊ नये.

ताजी कावीळ असेल तर डोळ्यांचा पिवळेपणा जाऊन तपासण्या सुधारेपर्यंत कोणतेही औषध मनाने घेऊ नये.

खरा धोका सिरॉसिसमध्ये असतो. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, अथवा वर्षानुवर्षांची चरबी यांमुळे यकृताला आतून व्रण पडतात व ते आक्रसून कडक होते. पोटात पाणी होणे म्हणजे जलोदर, पायाला सूज, रक्ताची उलटी, भान हरपणे यांपैकी काही एकदा जरी होऊन गेले असेल, तर आजार पुढच्या पायरीवर गेला असे समजावे. पुढचा मजकूर मुख्यतः या रुग्णांसाठी आहे.

जोरदार गोळी घातक का?

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, इबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाईड, इटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातील औषधे आहेत. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये रोखून ती सूज व दुखणे कमी करतात. पण हीच द्रव्ये शरीराची दोन मोठी कामे करीत असतात. ती जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात.

सिरॉसिसमध्ये यकृतातून रक्त नीट पुढे सरकत नाही. धरणाचे दरवाजे बंद झाल्यावर मागे पाणी तुंबावे तसे रक्त मागे तुंबते. त्यामुळे अन्ननलिकेच्या खालच्या भागातील शिरा फुगतात. प्लीहा वाढल्याने प्लेटलेट कमी झालेल्या असतात. अशा वेळी ही गोळी जठराला ओरखडे पाडते, उरलेल्या प्लेटलेटचे काम बिघडवते आणि रक्तस्राव सुरू होतो.

दुसरा घाव मूत्रपिंडावर बसतो. सिरॉसिसच्या रुग्णात मूत्रपिंडाला रक्तपुरवठा आधीच कमी असतो व तो या प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावरच टिकून असतो. तो आधार गोळीने काढून घेतला की लघवी कमी होते, अंगात मीठ-पाणी साठते, जलोदर वाढतो. रुग्ण पाणी काढून टाकणाऱ्या फ्युरोसेमाईड किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या घेत असेल तर मूत्रपिंड बंद पडण्याची भीती आणखी वाढते.

गिधाडांची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशभरात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही. परंतु सिरॉसिसच्या रुग्णाला निरोगी माणसाइतकी सवलतही नाही.

'जेवणानंतर घेतली तर चालते', 'सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर चालते' आणि 'इंजेक्शन घेतले म्हणजे लिव्हरवर जात नाही' हे तीनही समज चुकीचे आहेत. ॲसिडिटीची गोळी जठराला थोडे सांभाळते, मूत्रपिंडाला नाही. फुगलेल्या शिरांनाही ती संरक्षण देत नाही. इंजेक्शनचे औषध रक्तात मिसळून त्याच मूत्रपिंडापर्यंत व त्याच यकृतापर्यंत पोहोचते. शिवाय प्लेटलेट कमी असताना दंडात किंवा कुल्ल्यात सुई दिली तर आत रक्त साकळून मोठी गाठ येऊ शकते.

एक खुलासा करतो. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी रोजची छोटी ॲस्पिरिन दिली असेल तर हे वाचून ती मनाने बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

एका हमालाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत. वय पंचेचाळीसच्या पुढे. हिपॅटायटिस बी मुळे झालेला सिरॉसिस, पण औषधे चालू होती आणि तब्येत ठीक होती. हंगामात कंबर धरली. घरी बसले तर मजुरी बुडणार, म्हणून त्यांनी पाच दिवस दुखण्याच्या गोळ्या विकत घेऊन खाल्ल्या. सहाव्या दिवशी शौचाला डांबरासारखी काळी झाली आणि संध्याकाळी रक्ताची उलटी झाली. त्यांना तातडीने रुग्णालयात नेले. दुर्बिणीतून फुगलेल्या शिरांना रबरी कड्या घातल्या, रक्त चढवले आणि ते वाचले.

बरे झाल्यावर त्यांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, ही गोळी नको, ती नको. मग दुखणे आहे त्याचे काय करायचे? पोते तर उचलावेच लागते." हा प्रश्न अगदी रास्त आहे. 'घेऊ नका' एवढेच सांगून डॉक्टरचे काम संपत नाही. दुखणे सहन होईनासे झाले की माणूस पुन्हा त्याच गोळीकडे वळतो.

मग घ्यायचे काय?

उत्तर ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. योग्य मात्रेत घेतलेले साधे पॅरासिटामॉल हीच यकृताच्या बहुतेक रुग्णांसाठी पहिल्या पसंतीची गोळी आहे.

'पॅरासिटामॉलने लिव्हर खराब होते' हे खरे आहे, पण ते जास्त मात्रेबद्दल. या औषधाचा थोडा भाग यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्या विषाला लगेच निकामी करतो. गोळ्या फार झाल्या, माणूस उपाशी किंवा कुपोषित असला किंवा रोज दारू पीत असला, की हा साठा अपुरा पडतो आणि विष यकृताच्या पेशी मारते. मात्रा कमी ठेवली तर सिरॉसिसमध्येही यकृत हे काम निभावून नेते. या गोळीने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटत नाही आणि प्लेटलेटचे कामही बिघडत नाही.

निरोगी प्रौढाला दिवसभरात ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा धरतात. सिरॉसिसच्या रुग्णाने २ ग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या २४ तासांत जास्तीत जास्त चार, किंवा ६५० मिलिग्रॅमच्या तीन. दोन गोळ्यांत निदान सहा तासांचे अंतर ठेवावे. वजन फार कमी असेल, जेवण जात नसेल किंवा दारू चालू असेल तर यापेक्षाही कमी मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. चार-पाच दिवसांत उतार पडला नाही तर गोळ्या वाढवीत न बसता दाखवून घ्यावे.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, लपलेले पॅरासिटामॉल. सर्दीच्या, तापाच्या आणि कंबरदुखीच्या जोडगोळ्यांत ते असतेच. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत, वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावीत. 'डायक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल' किंवा 'अॅसिक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल' असे लिहिले असेल तर ती गोळी आपल्यासाठी नाही. दुसरी, पाण्यात फसफसणारी गोळी. तिच्यात सोडियम बरेच असते, म्हणून जलोदराच्या रुग्णाने ती टाळावी.

स्नायू सैल करणाऱ्या आणि गुंगीच्या गोळ्या

कंबरदुखीच्या पाकिटात बरेचदा क्लोरझोक्साझोन किंवा टिझॅनिडीन हे स्नायू सैल करणारे औषध मिसळलेले असते. या दोन्हींमुळे यकृताला इजा होऊ शकते. यकृताच्या रुग्णाने ती घेऊ नयेत.

ट्रॅमाडॉल, कोडीन व झोपेच्या गोळ्यांबाबत वेगळी अडचण आहे. त्यांची गुंगी सिरॉसिसमध्ये लवकर उतरत नाही. ट्रॅमाडॉल व कोडीनने बद्धकोष्ठ होते. शौचाला साफ झाली नाही की आतड्यातील अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, शेवटी बेशुद्ध होतो. अशी औषधे अगदीच लागली तर अल्प मात्रेत, शौच साफ ठेवण्याच्या औषधासह आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

कंबरेतून पायात कळ जाते तेव्हा गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन देतात. ही औषधे यकृतात मोडली जात नाहीत, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे मूत्रपिंडाची तपासणी करून कमी मात्रेत ती देता येतात, पण गुंगीकडे लक्ष ठेवावे लागते. याच कळेसाठी दिले जाणारे ड्युलॉक्सेटीन मात्र जुन्या यकृतविकारात टाळतात.

स्टिरॉइडबद्दल हिपॅटायटिस बी च्या रुग्णांनी विशेष जपावे. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की झोपलेला विषाणू जागा होतो व यकृत एकाएकी बिघडू शकते. मणक्यात इंजेक्शन घेण्याचा सल्ला मिळाला तर आधी यकृताचा आजार सांगावा आणि रक्त गोठण्याची व प्लेटलेटची तपासणी करून घ्यावी.

शेक, मलम, बिब्बा आणि पुड्या

गरम पाण्याच्या पिशवीचा किंवा फडक्यात बांधलेल्या गरम मिठाचा शेक हा जुना उपाय आजही उत्तम आहे. पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा घ्यावा. पाय बधिर असतील किंवा मधुमेह असेल तर भाजणार नाही याची काळजी घ्यावी. हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही. पाठीवर पाय देऊन तुडवणे मात्र नको. या रुग्णांची हाडे बरेचदा ठिसूळ असतात.

डायक्लोफेनॅकच्या मलमातून रक्तात फार थोडे औषध जाते. आजार सौम्य असेल तर थोड्या जागी, थोडे दिवस ते विचारून लावता येते. जलोदर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर टाळावे. मिरचीतील तिखट द्रव्याचे म्हणजे कॅप्सायसिनचे मलम, किंवा लिग्नोकेनची पट्टी हे त्याला पर्याय आहेत.

आपल्या भागात कंबरेवर बिब्ब्याचा चटका देतात, कोठे डाग देतात. त्याने कातडी भाजते, जखम चिघळते आणि यकृताच्या रुग्णाला जंतुसंसर्ग लवकर होतो. हे करू नये.

'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' या वाक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेलीचे सेवन करणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत आढळले. २०२१ मध्ये त्यांनी ही माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांत चालू दे. ज्याचे यकृत आधीच आजारी आहे त्याने तरी स्वतःवर प्रयोग करू नये. बिननावाच्या पुड्यांत तर स्टिरॉइड वा डायक्लोफेनॅक कुटून घातलेले असू शकते. 'दोन पुड्यांत दुखणे पळाले' असे कोणी सांगितले की मला पहिली शंका तीच येते.

गोळीपेक्षा मोठा उपाय

साधी कंबरदुखी बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांत कमी होते. एक-दोन दिवस विश्रांती पुरे. त्याहून अधिक काळ अंथरुणात पडून राहिल्यास स्नायू झिजतात, आणि सिरॉसिसमध्ये ते आधीच झिजत असतात.

रोज सपाट रस्त्यावर चालावे. दहा मिनिटांनी सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत जावे. हिमायतबाग असो की गावाबाहेरचा रस्ता, जागा कोणतीही चालेल. घरी चटईवर तीन व्यायाम करावेत. उताणे झोपून गुडघे दुमडावेत व कंबर जमिनीला टेकवून पाच आकडे मोजावेत. तसेच झोपून कुल्ले हळूच वर उचलावेत. मग हात-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करावी. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा करावा, श्वास रोखू नये. पोटात पाणी किंवा बेंबीचा हर्निया असेल तर पोटावर जोर येणारे व्यायाम टाळावेत आणि पट्टा घट्ट आवळू नये.

कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. खालची वस्तू उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकून, वस्तू छातीशी धरून उठावे. ज्यांच्या शिरा फुगलेल्या आहेत त्यांनी जड ओझे उचलूच नये. दम धरून जोर केला की त्या शिरांतील दाबही वाढतो. वर सांगितलेल्या हमाल गृहस्थांना शेवटी काट्यावर वजने लिहिण्याचे काम मिळाले. सर्वांना असे काम मिळत नाही हे मी जाणतो. तरी मुकादमाला आजाराची चिठ्ठी दाखवून हलके काम मागायला लाजू नये.

जलोदरात पोटाचे ओझे कंबरेलाच पेलावे लागते. ते पाणी उतरले की कंबरही हलकी होते. म्हणून मीठ कमी करणे हाही कंबरदुखीवरचा उपाय ठरतो. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि मीठ घातलेला ठेचा बंद करावा.

आहार

कावीळ म्हटली की हळद बंद, तेल बंद, डाळ बंद आणि रुग्ण उसाच्या रसावर, ही पद्धत आता सोडायला हवी. सिरॉसिसच्या रुग्णाला प्रथिने अधिक लागतात, वजनाच्या दर किलोला रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम. डाळ, मूग, मटकी, दूध, दही, पनीर, खात असल्यास अंडी व मासे हे सर्व चालते. रात्री झोपण्यापूर्वी अर्धी भाकरी व दूध असे थोडे खावे म्हणजे रात्रीच्या उपासात स्नायू झिजत नाहीत. ड जीवनसत्त्व व कॅल्शियमची कमतरता असेल तर ती भरून काढावी, कारण ठिसूळ हाडे हेही कंबरदुखीचे कारण असू शकते.

दारू पूर्ण बंद. 'दुखणे विसरायला थोडीशी' हेही नको.

हे दुखणे साधे नाही

पुढील लक्षणे दिसली तर शेक देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

– कंबरदुखीबरोबर ताप, रात्री वाढणारे दुखणे, वजन घटणे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो. मणक्यातील जंतुसंसर्ग व कर्करोगही वगळावा लागतो.
– पायातील शक्ती कमी होणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे.
– किरकोळ पडल्यानंतर किंवा ओझे उचलल्यावर एकाएकी पाठीत कळ येणे.
– काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, पोट फुगून दुखणे, डोळे पिवळे होणे, असंबद्ध बोलणे.

यातील रक्ताची उलटी किंवा बेशुद्धी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सकाळची वाट पाहू नये.

डॉक्टरांना काय सांगावे

कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य 'मला यकृताचा आजार आहे' हे असावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, काढ्यांच्या बाटल्यांसह, एका पिशवीत घालून न्यावीत. दारू घेत असाल तर तेही लपवू नये. त्यावरच गोळीची मात्रा ठरते.

हिपॅटायटिस बी व सी ची तपासणी आणि औषधे राष्ट्रीय कार्यक्रमाखाली २०१८ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत देण्याची सोय आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा घाटीत चौकशी करावी. घरातील इतरांची बी ची तपासणी करून लस टोचून घ्यावी. मूळ आजार आटोक्यात राहिला तर कंबरदुखीसारख्या दुखण्यावर उपचार करणेही सोपे जाते.

एका कागदावर 'पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. दुखण्याची दुसरी गोळी विचारल्याशिवाय नाही' एवढे लिहून तो घरातील औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. रात्री कंबर धरली की हात त्याच डब्याकडे जातो.